पुडी, पिशवी आणि सरकारची मदत : एका हिशोबाचा इतिहास



सुरुवातीलाच आमचा सत्कार झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, पुष्पगुच्छ मिळाला. शाल ज्या पारदर्शक पिशवीत होती ती पिशवी, आणि गुच्छाभोवतीचा तो करकरणारा चकचकीत कागद, दोन्ही आत्ता इथे टेबलावर आमच्यासमोर आहेत. आजचा विषय काय आहे हे संयोजकांना ठाऊक असूनही! (हशा) दोष त्यांचा नाही. शाल दुकानातून येते ती पिशवीतच येते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विषय आम्ही सुचवलेला नाही, तो आम्हाला इथल्याच एका दुकानदाराने दिला. मागच्या खेपेला चौसाळ्यात आलो तेव्हा बाजारात त्यांच्याकडून शेंगदाणे घेतले. त्यांनी पिशवी पुढे केली, मग आमच्याकडे बघून मागे घेतली, आणि म्हणाले, "सर, पिशवी देऊ नका म्हणतात. द्यायचं कशात ते कोणी सांगत नाही. दंडाची पावती छापून आलीय, मदतीचा कागद कुठंय?" आम्ही चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. इतका नेमका प्रश्न आमच्या तासाला क्वचितच कोणी विचारला. राज्यसंस्था नागरिकाला एखादी सवय सोडायला लावते तेव्हा त्या बदलाचा खर्च कोणी उचलायचा? प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. पण त्याचं उत्तर पुस्तकात शोधण्याआधी इतिहासात शोधावं, असं आम्हाला वाटतं. कारण असे बदल सरकारने यापूर्वीही करवून घेतले आहेत, आणि प्रत्येक वेळी खर्चाची वाटणी वेगवेगळी झाली आहे.

थोडं मागे जाऊ. इथे साठीच्या पुढचे बरेच लोक दिसतात, त्यांना सांगायची गरज नाही. आमच्या चुलत्यांचं छोटं किराणा दुकान होतं. वर आढ्याला दोऱ्याचं रीळ टांगलेलं, खाली रद्दीचा गठ्ठा. काका एका हाताने कागदाचा कोन करायचे, दुसऱ्या हाताने डाळ ओतायचे, दोऱ्याचे दोन वेढे घालून तो कट्‌कन तोडायचे. तेलाला गिऱ्हाईक बाटली घेऊन यायचं. धान्याला पोतं, भाजीला कापडी पिशवी, आणि काहीच नसलं तर धोतराचा सोगा किंवा पदर. खवा पळसाच्या पानात. बालाघाटातली सीताफळं पाटीत, खाली-वर पाला घालून. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीचा पेढाही तेव्हा कागदातच यायचा, आणि घरी येईपर्यंत कागदाला तूप सुटलेलं असायचं.

पण त्या काळाची आरती ओवाळायला आम्ही इथे आलेलो नाही. रद्दीच्या शाईत डाळ मळायची. पावसाळ्यात मीठ-साखरेचं पाणी व्हायचं. पोतं उंदीर कुरतडायचे. आणि घरून पिशवी, बाटली, पोतं आणायचं काम बहुतेक बाईचं असायचं. वेष्टनाचा खर्च तेव्हाही होताच. फक्त तो गिऱ्हाइकाच्या घरात, घामाच्या रूपात भरला जायचा. म्हणून कोणत्याही वहीत तो दिसत नाही.

त्याच दुकानात आम्ही एक सरकारी बदल डोळ्यांनी पाहिला. लहान होतो, पण आठवतो. शेर, पायली, अधोली, मापटं, चिपटं ही मापं गेली आणि किलो आला. वजनमापांचा कायदा १९५६ चा. अंमल १९५८ पासून टप्प्याटप्प्याने, आणि सक्तीचा व्हायला १९६२ उजाडलं. त्याआधी १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले, तर आणे-पैही बरोबरीने चालू राहिले. मराठवाडा नुकताच, १९५६ मध्ये, हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला होता. म्हणजे इथल्या माणसाचं राज्य बदललं, नाणं बदललं, वजन बदललं, हे सगळं काही वर्षांत. तरी बाजार बंद पडला नाही. का नाही पडला? कारण सरकारने वेळ दिला. जुनं आणि नवं काही काळ शेजारी शेजारी चालू दिलं. रूपांतराचे तक्ते भिंतीवर लावले. शाळेत आम्हा पोरांकडून ते पाठ करून घेतले, आणि आम्ही घरी जाऊन काकांना शिकवलं. नवी वजनं घ्यायचे पैसे दुकानदाराला पडले, हे खरं. पण वजन एकदा घेतलं की झालं, ते रोज विकत घ्यावं लागत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. पिशवी रोज लागते.

आता प्लॅस्टिककडे येऊ. ते आपोआप आलं नाही, ते आणलं गेलं. साठीच्या दशकाच्या अखेरीला ठाणे-बेलापूर पट्ट्यात नॉसिलचा पेट्रोरसायन प्रकल्प उभा राहिला. १९६९ मध्ये भारत सरकारने बडोद्याला आयपीसीएल ही कंपनी काढली, आणि पुढे तिचाच मोठा प्रकल्प आपल्या रायगड जिल्ह्यात नागोठण्याला आला. म्हणजे ज्या दाण्यांपासून पिशवी बनते, ते दाणे बनवायला करदात्याचा पैसा लागला होता. तेव्हा ती प्रगती होती, आणि ती खोटी नव्हती. पाण्याच्या नळ्या, ठिबक सिंचन, शेततळ्याचा कागद हे सगळं त्याच कुळातलं. बीड जिल्ह्यातल्या माणसाने प्लॅस्टिकला सरसकट शिव्या देणं कृतघ्नपणाचं होईल. ठिबकच्या नळीवर इथल्या किती बागा उभ्या आहेत, ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता.

भानगड झाली ती एकदा वापरून फेकायच्या वस्तूंची. १९८३ मध्ये तमिळनाडूत चिक नावाचा शाम्पू छोट्या पुडीत विकायला आला, आणि मग सगळ्याच कंपन्यांना ती युक्ती सापडली. आख्खी बाटली घेणं ज्याला परवडत नाही त्याला एक पुडी परवडते. मजुराच्या घरातली मुलगीही सणाला शाम्पूने केस धुऊ शकली. यात समतेचा अंश आहे, तो नाकारू नका. मात्र पुडीची किंमत ठरली तेव्हा तिच्यात माल होता, जाहिरात होती, वाहतूक होती, दुकानदाराचं कमिशन होतं. रिकामी पुडी उचलायचे पैसे नव्हते. ते कोणी मोजलेच नाहीत. पुढची चाळीस वर्षं आपण त्या न मोजलेल्या पैशांचं भांडण भांडतो आहोत.

मध्येच एक उपकथा सांगतो, कारण मराठवाड्याशी तिचा संबंध आहे. १९८७ मध्ये केंद्राने एक कायदा केला. त्यानुसार ठरावीक माल तागाच्याच पोत्यात भरायचा. अन्नधान्य आणि साखर ही त्यातली मुख्य नावं. बंगालमधला ताग उत्पादक आणि गिरणी कामगार जगावा, म्हणून. साखर कारखान्यांनी कुरकुर केली, प्लॅस्टिकच्या विणलेल्या गोणीवाल्यांनी जोर लावला, आणि साखरेचा वाटा पुढे २० टक्क्यांवर आला. धान्याचं बंधन मोठ्या प्रमाणात टिकलं, कारण ते पोतं मुख्यतः सरकारच सरकारी खरेदीसाठी विकत घेतं. म्हणजे बघा, सरकारला एखादं वेष्टन टिकवायचं असलं तर ते कायदाही करतं, गिऱ्हाईकही होतं, आणि किंमतही मोजतं. जमत नाही असं नाही. तागाच्या पोत्याला जे मिळालं ते कापडी पिशवीला मिळालं का, हे आता पाहू.

नियमांचा इतिहास आम्ही भराभर सांगतो, नाहीतर तुम्हाला झोप लागेल. १९९९ मध्ये केंद्राने पहिले नियम केले आणि पिशवी किमान २० मायक्रॉन जाड हवी असं ठरवलं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडालं, आणि तुंबलेल्या नाल्यांत पिशव्या सापडल्या. त्यानंतर महाराष्ट्राने २००६ मध्ये स्वतःचे नियम केले, ५० मायक्रॉनचे. त्याच वर्षी अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा राज्याचा कायदा झाला. केंद्र २०११ मध्ये ४० वर आलं, २०१६ मध्ये ५० वर. ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०.

ग्रीकांकडे एक जुनी कोडं होती. युबुलिडीस नावाच्या तत्त्वज्ञाच्या नावावर ती सांगतात. धान्याचा एक दाणा म्हणजे रास नव्हे. दोन दाणे म्हणजे रास नव्हे. मग नेमक्या कितव्या दाण्याला रास होते? आमच्या विद्यार्थ्यांना हे कोडं पोरकट वाटायचं. आता त्यांतलेच काही जण नगरपालिकांत नोकरीला आहेत आणि मर्यादा पन्नासची होती तेव्हा एकोणपन्नास मायक्रॉनची पिशवी गुन्हेगार आणि एक्कावन्नची निर्दोष का, हे भाजीवालीला समजावायचे. जाडीचा युक्तिवाद अगदीच खुळा नाही, हेही सांगतो. पिशवी जाड झाली की महाग होते, म्हणून कोणी फुकट देत नाही, आणि जड झाली की भंगारवाला ती उचलतो. पण मायक्रॉन मोजायचं यंत्र ना भाजीवालीकडे, ना गिऱ्हाइकाकडे. नियम पाळायला जे साधन लागतं ते दंड करणाऱ्याच्याच हातात असेल तर पाळणारा कायम त्याच्या मर्जीवर राहतो.

आता २०१८ चा मार्च महिना. आमच्या मते या सगळ्या इतिहासाचं ते सर्वांत बोलकं पान आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

२३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राची मोठी अधिसूचना निघाली. पिशव्या, थर्माकोलची ताटं-वाट्या, एकदा वापरायचे चमचे-पेले, सगळ्यांवर बंदी. तीन महिन्यांची मुदत, आणि २३ जूनपासून दंड. पहिल्यांदा सापडला तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. बाजारात खाली बसून कोथिंबीर विकणाऱ्या बाईची दिवसाची सगळी विक्री किती असते, याचा अंदाज तुम्ही करा. दंड तिच्या आणि मोठ्या मॉलच्या वाट्याला सारखाच.

चारच दिवसांनी, २७ मार्चला, दिल्लीत केंद्राने २०१६ च्या नियमांत दुरुस्ती केली. २०१६ मध्ये असं ठरलं होतं की ज्यांच्यावर पुनर्प्रक्रिया होत नाही अशी बहुपदरी वेष्टनं दोन वर्षांत बाजारातून काढायची. बहुपदरी म्हणजे वेफर, बिस्किटं, शाम्पू, गुटखा यांची ती आतून चंदेरी पुडी. दोन वर्षं संपत आली होती. दुरुस्तीत शब्द आले ते असे की, ज्यातून ऊर्जाही मिळवता येत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही, अशीच वेष्टनं काढायची. आता भट्टीत जाळलं तर ऊर्जा कशातून मिळत नाही? शब्द दोन-चारच वाढले, आणि चंदेरी पुडी वाचली. १ जुलै २०२२ ला देशभर एकदा वापरायच्या वस्तूंची बंदी आली. कान साफ करायच्या काड्या, फुग्याच्या दांड्या, पेले, चमचे, सगळे गेले. त्या यादीतही चंदेरी पुडी नाही. चार दिवसांच्या अंतराने निघालेले ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, असं आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचो.

न्यायाने बोलायचं तर त्या केंद्रीय दुरुस्तीने एक चांगली गोष्टही केली. २०१६ च्या नियमांत असं कलम होतं की पिशवी देणाऱ्या दुकानदाराने आणि फेरीवाल्याने महिन्याला किमान ४,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये, स्थानिक संस्थेकडे भरायचे. हे कोणी आणि कोणत्या बाजाराकडे बघून लिहिलं, आम्हाला कळलेलं नाही. २०१८ मध्ये ते काढून टाकलं.

आणि राज्याच्या अधिसूचनेतही एक चांगली कल्पना होती. दुधाची पिशवी पन्नास मायक्रॉनची हवी, तिच्यावर परतीची किंमत छापलेली हवी, आणि रिकामी पिशवी परत आणणाऱ्याला ते पैसे मिळायला हवेत, किमान ५० पैसे. पाण्याच्या बाटलीसाठीही अशीच अनामत. कल्पना उत्तम, कारण काचेच्या सोड्याच्या बाटलीची अनामत आपण सगळ्यांनी भरलेली आहे. पण दुकानदाराने परत घेतलेल्या पिशव्या ठेवायच्या कुठे, धुवायच्या कोणी, डेअरीची गाडी त्या परत नेणार का, त्याला त्याचे काय मिळणार? यांतलं काहीच बसलं नाही. आम्हाला आजवर दुधाची पिशवी परत घेऊन पन्नास पैसे हातावर ठेवणारा एकही दुकानदार भेटलेला नाही. इथे कोणाला भेटला असेल तर हात वर करा. ...नाही. ठीक आहे.

आयर्लंडने २००२ मध्ये काय केलं ते एका वाक्यात सांगतो. त्यांनी पिशवीवर १५ सेंट कर लावला, पिशव्यांचा वापर साधारण नव्वद टक्क्यांनी घसरला, आणि जमलेला पैसा पर्यावरणासाठीच्या वेगळ्या निधीत ठेवला. आपल्याकडे दंड कुठल्या खात्यात जमा होतो आणि त्यातून गावात काय येतं, हे विचारायची पद्धत नाही.

आता दुकानदाराच्या 'मदतीच्या कागदा'कडे वळतो. मदत मुळीच नाही असं नाही. ती कोणासाठी आहे, हे पाहिलं पाहिजे.

वेष्टन करणाऱ्याने वेष्टनाची जबाबदारी घ्यावी, या विचाराला एक नाव मिळालं १९९० मध्ये. थॉमस लिंडक्विस्ट या स्वीडिश अभ्यासकाने ते त्यांच्या सरकारला दिलेल्या अहवालात मांडलं. विस्तारित उत्पादक जबाबदारी, असं लांबलचक मराठी नाव आपण त्याला दिलं आहे. जर्मनीने १९९१ मध्ये वेष्टनांचा कायदा करून ते अमलात आणलं. तिथे कंपन्यांनी पैसे घालून घराघरातून वेष्टनं गोळा करायची वेगळी यंत्रणा उभारली. आपल्याकडे २०११ च्या नियमांत हा विचार डोकावला, २०१६ मध्ये बसला, आणि १६ फेब्रुवारी २०२२ ला त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली. कंपनीने नोंदणी करायची, जेवढं प्लॅस्टिक बाजारात आणलं त्याच्या ठरावीक प्रमाणात परत गोळा करायचं, किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून तसं प्रमाणपत्र विकत घ्यायचं. यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या मालकीची नाममुद्रा वगळली आहे. म्हणजे इथला पेढेवाला किंवा चिवडा भरून विकणारा बचत गट यांच्यावर ही नोंदणी लादलेली नाही. ही सूटच त्यांना मिळालेली पहिली सरकारी मदत, असं म्हणता येईल. पुष्कळ लहान उद्योजकांना ही गोष्ट माहीत नसते आणि नोंदणी करून देतो म्हणणारे दलाल त्यांच्याकडून पैसे घेऊन जातात. सावध राहा.

पण प्रमाणपत्राची गंमत अशी की ते कुठल्या गावच्या कचऱ्याचं आहे, याला महत्त्व नाही. वेफरची पुडी चौसाळ्याच्या ओढ्यात पडलेली असेल, आणि कंपनीचं कर्तव्य परराज्यातल्या कारखान्यात पूर्ण होईल. कागदावर दोन्ही बरोबर. आणि कधीकधी कागदावरसुद्धा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२३ मध्ये मोजक्या पुनर्प्रक्रिया कारखान्यांची तपासणी केली तेव्हा सुमारे ६ लाख प्रमाणपत्रं खोटी निघाली. त्या कारखान्यांच्या राज्यांत आपलं महाराष्ट्रही होतं.

मग गावचं प्लॅस्टिक कोणाचं? २०१६ च्या नियमांनी स्पष्ट सांगितलं की ग्रामीण भागात ती जबाबदारी ग्रामपंचायतीची. त्याआधीच्या नियमांची नजर मुख्यतः शहरावर होती. जबाबदारी गावात आली २०१६ ला. पैसा यायला २०२० उजाडलं. त्या वर्षी स्वच्छ भारत मिशनचा ग्रामीण भागातला दुसरा टप्पा सुरू झाला. त्याचे आकडे मुद्दाम सांगतो, लिहून घ्या. पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपयांपर्यंत. यातला ३० टक्के वाटा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून. आणि प्लॅस्टिकसाठी दर तालुक्याला एक प्रक्रिया केंद्र, त्याला १६ लाख रुपयांपर्यंत.

आता हिशोब करू. समजा गाव दहा हजारांचं आहे. पंचेचाळीस गुणिले दहा हजार, साडेचार लाख रुपये. एकदाच. त्यात घंटागाडी घ्यायची, शेड बांधायची, खड्डे करायचे. गाडीवरच्या माणसाला महिन्याला दहा हजार धरले तरी वर्षाचे एक लाख वीस हजार झाले, डिझेल वेगळं. चार वर्षांत पगारातच सगळी रक्कम संपते, गाडी न घेताच. म्हणून गावोगाव तुम्हाला काय दिसतं? शेड आहे, फलक आहे, फलकावर रक्कम आहे, आणि शेडला कुलूप आहे. वस्तू घ्यायला मदत आणि ती वस्तू चालवायला मात्र काही नाही, ही आपल्या योजनांची जुनी खोड आहे. आणि तालुक्याच्या त्या एका केंद्रापर्यंत गावागावातून प्लॅस्टिक न्यायचं कोणी? हलकी वस्तू आहे. ट्रॉली भरून दिसते, वजन काहीच नाही. वाहतुकीलाच परवडत नाही.

इथे एक आठवण येते. २००० साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्यात सरकारने उलटी युक्ती केली. आधी पैसे दिले नाहीत, आधी स्पर्धा लावली. श्रमदान करा, गाव झाडा, मग बक्षीस. लोकांनी कोट्यवधींची कामं आपल्या हाताने केली. आम्हीही महाविद्यालयातली मुलं घेऊन हातात झाडू धरला आहे. त्या अभियानाबद्दल आम्हाला आजही आदर आहे. पण प्लॅस्टिकला ती युक्ती पुरत नाही. शेणकचरा झाडून खड्ड्यात टाकला की त्याचं खत होतं, काम संपतं. प्लॅस्टिक झाडून गोळा केलं की काम सुरू होतं.

आता बचत गटांचं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० मध्ये आली. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, अनुदान आहे. गटाच्या सभासदाला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल आहे. नाममुद्रा आणि विपणनासाठीही मदत आहे. म्हणजे चांगलं, नियमात बसणारं वेष्टन करायचं असेल तर पैसा मिळू शकतो. ज्यांचा माल आहे त्यांनी तो जरूर मिळवावा. पॅकिंगचं शास्त्र शिकायचं तर मुंबईत भारतीय पॅकेजिंग संस्था आहे, १९६६ पासूनची. छत्रपती संभाजीनगरला प्लॅस्टिक अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था आहे. इथून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर. पण चौसाळ्याच्या गटातली बाई तिथवर पोचायची कशी, याची योजना आमच्या पाहण्यात नाही.

पिशव्या शिवणाऱ्या गटांची कथा त्याहून कडू आहे. बंदी आली तेव्हा पुष्कळ ठिकाणी सांगितलं गेलं की बायांनी कापडी पिशव्या शिवाव्यात, आता सोन्याचे दिवस. आमच्या ओळखीच्या एका गटाने, गाव सांगत नाही, कर्ज काढून चार यंत्रं घेतली. एका कार्यालयाने कार्यक्रमासाठी दोन हजार पिशव्या घेतल्या. साहेबांच्या हस्ते वाटप झालं, फोटो निघाले. बिल सात महिन्यांनी मिळालं. तोवर कर्जाचे हप्ते बायांनी ऊसतोडीच्या उचलीतून भरले. दुसरी मागणी आलीच नाही. त्या मग दुकानांत गेल्या. दुकानदार म्हणाला, तुमची पिशवी बारा रुपयांना, माझा माल वीस रुपयांचा, कशी घेऊ? त्याचंही चूक नव्हतं. त्या चार यंत्रांपैकी दोन आता लग्नसराईत ब्लाउज शिवतात. त्या गटाच्या अध्यक्षबाई आम्हाला म्हणाल्या, "सर, आम्हाला अनुदान नको होतं. गिऱ्हाईक पायजे होतं."

ताग आठवा. तागाच्या पोत्याला सरकारने अनुदान देण्यापेक्षा गिऱ्हाईक दिलं होतं. रेशन दुकान, शाळेचा पोषण आहार, अंगणवाडी, बी-बियाणं, खत, या सगळ्यांत आजही सरकार किंवा सरकारची यंत्रणा मोठी खरेदीदार आहे. तिथे स्थानिक गटाची पिशवी घ्यायची असं ठरवायला नवा कायदाही लागणार नाही. हे आमचं मत आहे, तुम्ही खोडून काढा. पण ते काढताना १९८७ चा कायदा आधी खोडा.

आणि एक माणूस राहिलाच. पाठीवर पोतं घेऊन रस्त्याने फिरणारा, बाटल्या वेचणारा. २०११ च्या नियमांत कचरावेचकाचा उल्लेख आला, तोवर तो कायद्याला दिसतच नव्हता. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातून पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था झाली, आणि २००८ पासून महापालिकेबरोबर करार करून घराघरातून कचरा घेऊ लागली. घरं दरमहा शुल्क देतात, वेचक विकण्याजोगं विकतात. कचऱ्याचं काम चालतं ठेवायला दरमहा कोणीतरी पैसे द्यावे लागतात, हे तिथे मान्य झालं. आपल्या सोलापूर-धुळे रस्त्यावर रात्री धाब्यांमागे कोण बाटल्या गोळा करतं, कधी पाहिलं आहे का? ती माणसं बाटली नेतात, कारण तिला भाव आहे. चंदेरी पुडीला भाव नाही, म्हणून ती मागे राहते. भंगारवाल्याचा काटा हा या सगळ्या नियमांपेक्षा खरा न्यायाधीश आहे. ज्या वस्तूला तो हात लावत नाही, तिचे पैसे ती वस्तू बनवणाऱ्याने त्याच्या काट्यावर आणून ठेवले पाहिजेत. ती पुडी चौसाळ्यातून उचलली गेली तरच प्रमाणपत्र, असं झालं तर चित्र बदलेल. आज तसं नाही.

दुष्काळाच्या वर्षी, २०१३ च्या उन्हाळ्यात, आपल्या जिल्ह्यात चारा छावण्या होत्या. त्या वर्षी एका जनावरांच्या डॉक्टरांबरोबर आम्ही फिरलो होतो. छावणीबाहेरच्या एका मेलेल्या गाईच्या पोटातून त्यांनी जो गोळा काढला त्यात पिशव्या होत्या, सुतळी होती, आणि चंदेरी पुड्या होत्या. अजून छापील किंमत वाचता येत होती. मालकाने विचारलं, याची नुकसानभरपाई कशात बसते? डॉक्टर काही बोलले नाहीत.

तर त्या दुकानदारांना, ते आज आलेत, आम्हाला दिसले, आमचं उत्तर असं. तुमच्यासाठी वेगळा मदतीचा कागद निघालेला नाही. पण ग्रामपंचायतीच्या नावाने निघालेला आहे, आणि तो बघायचा तुम्हाला हक्क आहे. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी विचारा. घनकचऱ्याचा माणशी निधी गावाला किती मिळाला आणि कशावर खर्च झाला. बीड तालुक्याचं प्लॅस्टिक केंद्र कुठे आहे आणि आपल्या गावचं प्लॅस्टिक तिथे शेवटचं कधी गेलं. आणि दंडाची रक्कम वसूल झाली असेल तर ती कुठे जमा आहे. ग्रामपंचायतीकडे उत्तर नसेल तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे असतं. अर्जाचा नमुना हवा असेल त्यांनी नंतर आमच्याकडून घ्यावा. आम्ही हाताने लिहून आणला आहे, एकाच कागदावर.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या त्या ताई बराच वेळ हात वर करून आहेत, माइक आधी त्यांच्याकडे द्या.